समोर बसणारा केशकार

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा आरसा फक्त राणीकडे असायचा आणि बाकी सगळे तळ्यात तोंड बघायचे. त्या काळी तळ्यांच्या एका राज्यात द्वारका नावाची बाई राहत होती. गावातल्या नवरीला नटवणं हे तिचं काम. खोपा घालावा तर द्वारकानं, वेणी गुंफावी तर द्वारकानं. तिच्या हातची वेणी वरातीत नाचूनसुद्धा सुटत नाही, असं लोक सांगत.

एक गंमत मात्र होती. द्वारका गावातल्या प्रत्येकीला मागून ओळखायची. मानेवरचा भोवरा दिसला, की नाव सांगून मोकळी. पण तीच बाई समोरून आली, तर द्वारका क्षणभर गोंधळायची. एकदा तर तिनं सख्ख्या मावशीला विचारलं, "कुठल्या गावच्या म्हणायच्या तुम्ही?" मावशी रागानं पाठ फिरवून चालू लागली, तेव्हा कुठं ओळख पटली. गाव हसलं, द्वारकाही हसली, आणि गोष्ट हसण्यावारी गेली.

तिला एक धाकटी बहीण होती, मथुरा. आईबाप लवकर गेले, त्यामुळे मथूला द्वारकानंच लहानाचं मोठं केलेलं. मथूचे केस गुडघ्याला टेकायचे. सकाळी ओट्यावर बसून द्वारका ते विंचरायची, आणि येणारीजाणारी माणसं पाणी भरायचं सोडून बघत उभी राहायची.

त्या वर्षी मथूला मोठा ताप आला. वाचते की जाते, अशी वेळ आली होती. शेवटी ताप उतरला, पण जाताना केसांचे पुंजकेच्या पुंजके उशीवर टाकून गेला. उरलेसुरले वैद्यानं कातरले.

त्यानंतर मथू आतल्या खोलीत जाऊन बसली. दार लोटून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. आज अर्धी भाकरी, उद्या चतकोर, परवा नुसती पेज. वैद्य म्हणाला, "बाई, ताप गेलाय. आता हिला जगायची इच्छा पाहिजे, आणि ती काही माझ्या बटव्यात नाही."

या जगात द्वारकाचं जिवाभावाचं असं हे एकच माणूस होतं. तिला वाटलं, केस गेले म्हणून पोर खचली आहे. केस परत आणून दिले की उठेल.

त्याच सुमारास राणीचा शृंगारमेळा भरणार होता. देशोदेशीचे केशकार तिथं यायचे, आपली कला दाखवायचे, शिकवायचे. शिकायला आलेल्यांत जिचा हात सर्वांत सरस ठरेल, तिला राणी एक गंगावन देत असे. गंगावन म्हणजे खोटे केस, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण राणीचं गंगावन साधं नव्हतं. ते भुंड्या डोक्यावरही अलगद बसायचं, आणि खरे केस कुठले ते वाऱ्यालाही ओळखू येत नसे. द्वारकानं मथूला मावशीच्या हवाली केलं आणि ती निघाली.

मेळा एका मोठ्या तळ्याच्या मधोमध, बेटावर होता. द्वारका पहाटेच्या नावेत बसली, तेव्हा पाणी कुठं संपतं आणि धुकं कुठं सुरू होतं हेच कळत नव्हतं. नाव पुढं चालली आहे की बेट आपल्याकडे येतंय, तेही कळेना. मग केवड्याचा वास आला, आणि वासामागून बेट आलं.

असलं काही तिनं कधी पाहिलं नव्हतं. झाडाझाडाखाली केशकार बसले होते. कुणी शिकेकाई उकळत होतं, कुणी ओल्या केसांना धुपाची वाफ देत होतं. वडाच्या पारंब्यासुद्धा कुणीतरी विंचरून ठेवल्या होत्या. एक म्हातारा सिंह डोळे मिटून आयाळ धुऊन घेत होता. त्याच्या शेजारी बुलबुलांची रांग लागली होती.

रांगेतला एक बुलबुल द्वारकाला म्हणाला, "बाई, माझा तुरा सरळ आहे ना? खरं सांगा, उगाच कौतुक नको."

"सरळ आहे रे राजा," द्वारका म्हणाली.

"मग इथं उभं राहून काय करतोय मी?" असं म्हणून बुलबुल भुर्रकन उडून गेला.

दिवस कधी उगवायचे आणि कधी मावळायचे, याचा तिथं पत्ता लागत नसे. माणसं हळू बोलत, हळू चालत. धुक्यातून मोकळ्या केसांच्या बाया जायच्या, तेव्हा त्या चालताहेत की वाहताहेत हे सांगणं कठीण होतं.

द्वारका मात्र झपाटल्यासारखी शिकत होती. समुद्राकाठच्या एका केशकारणीनं तिला सांगितलं, "गुंता मुळाकडून ओढू नकोस गं. टोकाकडून सुरू कर. खालचं सुटलं की वरचं आपसूक सुटतं." द्वारकानं ते लगेच उचललं. फांदीवर एक सुगरण पक्षीण वेणी शिकवायला बसली होती. ती म्हणाली, "मी घरटं विणते ना, तेव्हा एखादी काडी सैल ठेवते. वारा आला की घरटं डुलतं, फाटत नाही." हे काही द्वारकाला पटलं नाही. सैल वेणी म्हणजे आळशाचं काम, असं ती मनात म्हणाली.

आणि सर्वांत नावाजलेला जो केशकार, तो तर तिला मुळीच पटला नाही. एक तर त्याच्या स्वतःच्या डोक्यावर औषधाला केस नव्हता. चाफ्याखाली बसायचा आणि टक्कल उन्हात चमकायचं. त्यातून त्याची रीत निराळी. कुणी आलं की तो तळहातावर तेल घ्यायचा आणि त्या माणसाच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसायचा. फणीला हात नाही, केसांना हात नाही. नुसतं बघायचा आणि विचारायचा, "रात्री झोप लागली का? जेवलीस का? आज कुणाला भेटायचंय?" तळहातावरचं तेल अंगच्या उबेनं कोमट झालं, की मग उठून मागं जायचा.

"तेल काय चुलीवर कोमट होत नाही?" द्वारका शेजारणीला म्हणाली. "नुसता गप्पिष्ट आहे झालं." आणि ती दुसऱ्या झाडाखाली शिकायला गेली.

शेवटच्या संध्याकाळी परीक्षा होती. बेटाच्या दगडी पायऱ्या तळ्यात उतरत होत्या. ज्यांना नटवलं त्यांनी वरच्या पायरीवर पाठमोरं उभं राहायचं, म्हणजे केशरचना सगळ्यांना दिसेल. मग वळायचं आणि पाण्यापर्यंत चालत यायचं. लोक नावांमध्ये बसून बघणार, आणि सर्वांत पुढच्या नावेत राणी.

द्वारकाच्या वाट्याला नावाड्याची मुलगी आली. द्वारका तिच्या मागं बसली ती बसलीच. तिच्या डोळ्यांपुढे केस होते या पोरीचे, आणि मनात मथूचं डोकं. पेडावर पेड चढवले, पीळ घट्ट भरले, मोगरा माळला, मध्ये केवड्याचं पान खोवलं. मुलगी एकदा हलली. "हलू नकोस गं बाई," द्वारका म्हणाली. त्यानंतर ती हलली नाही.

मुलगी वरच्या पायरीवर पाठमोरी उभी राहिली, आणि सगळ्या नावांमधून एकच 'वाहवा' उठली. राणी उठून उभी राहिली. द्वारकाला वाटलं, गंगावन आता आपलंच.

मग मुलगी वळली.

तिच्या डोळ्यांतलं काजळ गालांवरून हनुवटीपर्यंत वाहिलं होतं. डोळे सुजले होते. ती धीरानं पायऱ्या उतरत होती, पण कपाळाची कातडी इतकी ओढली गेली होती, की तिला पापणीही धड मिटता येत नव्हती. नावांमधला आवाज विझला. राणीनं गंगावन दुसरीच्या हातात ठेवलं.

द्वारका धावत गेली. तिनं भराभर पीळ सोडवले. "अगं, दुखत होतं तर बोलायचं नाही का?"

"तुम्ही मागं होतात," मुलगी म्हणाली. "आणि इतकं मनापासून करत होतात. कसं सांगू?"

द्वारका पायरीवर मटकन बसली. लोक पांगले. थोड्या वेळानं तो टकलू केशकार आला आणि तिच्या समोर, खालच्या पायरीवर बसला. त्यानं काही विचारायच्या आधीच द्वारकाला रडू फुटलं. मथूचा ताप, केस, चतकोर भाकरी, सगळं तिनं सांगून टाकलं.

तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "तिचे डोळे कसे दिसतात सध्या?"

द्वारकानं तोंड उघडलं, आणि तिला काही सांगताच येईना. तापानंतर रोज ती त्या खोलीत गेली होती. रोज तिनं मथूचं डोकं पाहिलं होतं, कुठं लव फुटली का म्हणून. डोळे पाहिल्याचं काही तिला आठवेना.

"घरी जा, बाई," केशकार म्हणाला. "इथं तुला शिकायचं होतं ते शिकून झालं."

सकाळी ती रिकाम्या हातांनी घरी पोचली. मथू तशीच भिंतीकडे तोंड करून बसली होती. आज पहिल्यांदा द्वारका तिच्या मागं बसली नाही. भिंत आणि मथू यांच्यामध्ये जेमतेम हातभर जागा होती. त्या जागेत ती अंग चोरून शिरली आणि बहिणीच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसली.

आणि तिनं पाहिलं. डोळे खोल गेले होते, ओठ सुकले होते. पण हा चेहरा आईचा होता. हे इतक्या वर्षांत तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मथू," ती म्हणाली, "तुला काय होतंय गं?"

मथूनं विचारलं, "ताई, मी मेले असते ना त्या तापात?"

"हो गं," द्वारका म्हणाली. "वैद्यानंसुद्धा आशा सोडली होती."

"मग मी वाचले, त्याचा कुणालाच कसा आनंद झाला नाही? जो येतो तो डोक्याकडे बघतो आणि उसासा टाकतो. तूसुद्धा. सगळ्या गावानं माझ्या केसांचं सुतक धरलंय, ताई. मला वाटलं, माझ्यापेक्षा तेच राहायला हवे होते."

द्वारकाचं काळीज फाटलं. तिनं मथूला छातीशी धरलं आणि ती ओक्साबोक्शी रडली. रडता रडता हसली. "माझी पोर वाचली गं," ती मोठ्यानं म्हणाली, आणि हे आपण पहिल्यांदाच म्हणतोय, हे तिला कळलं.

मग ती तशीच उठली आणि घरोघर गूळखोबरं वाटत सुटली. "माझी मथू वाचली!" लोकांना आधी नवल वाटलं, मग लाज वाटली, आणि मग खरोखरच आनंद झाला. बाया आल्या, मथूच्या समोर बसल्या, तिच्या डोळ्यांत बघून बोलल्या. त्या दिवशी मथूनं दोन भाकऱ्या खाल्ल्या, आणि बोटभरही केस नसताना, उघड्या डोक्यानं, तळ्यावर पाण्याला गेली.

पुढं तिचे केस वाढले म्हणतात. पण कधी वाढले आणि कितीसे वाढले, हे गावात कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

तात्पर्य: ज्याचं भलं करायचं, आधी त्याच्या समोर बसावं; पाठीमागून केलेली माया माणसाला पोचत नाही.