कारभाऱ्याचा ओठ आणि देवीची वाटी

एका गावात एक कारभारी होता, आणि त्याचं नाक त्याच्या आधी सगळीकडे पोचायचं. कुणाच्या घरात काय शिजतं, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाची म्हैस आटली, सगळं त्याला माहीत. देवीच्या देवळाचा कारभार त्याच्याकडे होता. देवीने काही दिला नव्हता, त्याने आपणच घेतला होता.

त्याच गावात हौसाबाई नावाची एक सुगरण होती. देवीच्या जत्रेचा पुरणपोळीचा नैवेद्य वीस वर्षं तिच्याच हातचा. नैवेद्याची चव घ्यायची नाही हा गावचा नियम. हौसाबाई नुसत्या वासावरून सांगायची, गूळ कमी आहे की वेलची जास्त. आणि गावाची एक पक्की समजूत होती, की नैवेद्य जो उष्टा करील त्याच्या ओठावर फोड येतो. ही समजूत कुणी काढली ते विचारू नका. ज्याने काढली त्याने स्वतः मात्र पोटभर खाल्लं असणार.

त्या वर्षी जत्रेच्या आधी हौसाबाईला तीन दिवस सणसणून ताप आला. ताप उतरला आणि खालच्या ओठावर बारीक पाणीदार फोडांचा घोस उठला. चौथ्या दिवशी सकाळी ती देवळाच्या मुदपाकखान्यात सरपण रचत होती, तेवढ्यात नाक आत आलं. मागून कारभारीही आला.

"अगं हौसे! ओठावर काय हे?"

"ताप आला होता, कारभारी. ताप गेला की माझ्या ओठावर असं फुटतं. आठ दिवसांत जातं."

"ताप नाही, देवीने शिक्का मारलाय! नैवेद्य उष्टा केलास!"

हौसाबाईने हातातलं लाकूड खाली टाकलं. "अहो, अजून चूल पेटली नाही. डाळ शिजली नाही. मी उष्टं काय केलं, सरपण?"

कारभाऱ्याने थंड चुलीकडे पाहिलं. पण माणूस मोठा असला की गप्प बसणं त्याला परवडत नाही. "मग मागल्या वर्षीचं असेल! देवीला सवडीने आठवतं!"

बघा हं, देवीचीसुद्धा चुगली करायला कमी केलं नाही.

पारावर पाच पंच गोळा झाले. ठरलं असं, की देवीच्या चांदीच्या वाटीतलं दूध आधी हौसाबाईने प्यायचं, मग कारभाऱ्याने, मग पाचांनी. प्रत्येकाने वाटीला ओठ लावायचा. आठ दिवसांत ज्याच्या ओठावर नवा फोड उठेल तो नैवेद्यचोर.

गावचा म्हातारा वैद्य काठी टेकत पुढे आला. "अरे, हा फोड लागट आहे. तिचा ओठ लागलेली वाटी दुसऱ्याने तोंडाला लावू नये. प्यायचंच असेल तर वरून ओता."

"वरून ओतल्यावर देवीला कळणार कसं?" कारभारी गरजला.

हौसाबाईचे डोळे भरून आले होते, पण रागाने. "मी सांगते म्हणून नको, वैद्यबुवा सांगतात म्हणून तरी ऐका. उद्या तुमचे ओठ सुजले तर मला बोल लावू नका."

"धमकी देते!" कारभारी म्हणाला आणि त्याने वाटी तिच्या तोंडाला लावली. मग स्वतःच्या. मग एकेक पंच मिशा पुसत पुढे आला.

निकालाची वाट न बघताच हौसाबाईला देवळाच्या चुलीपासून उठवलं. वीस वर्षांचा मान एका वाटीत बुडाला. नैवेद्य त्या वर्षी कारभाऱ्याच्या देखरेखीखाली झाला. पोळ्या इतक्या कडक झाल्या, की देवीने त्या खाल्ल्या असतील तर तिचीच कमाल म्हणायची.

आठव्या दिवशी कारभाऱ्याच्या घरी नातवाचं बारसं होतं. घुगऱ्या करायला सुनेने हौसाबाईलाच बोलावलं होतं, कारण सासऱ्याचं नाक नसलेला गुन्हाही हुंगून काढतं, हे सुनेला चांगलं ठाऊक होतं. पाच पंच आले. त्यातल्या तिघांनी तोंडाला उपरणं गुंडाळलं होतं, ऐन उन्हाळ्यात! कारभाऱ्यानेही गुंडाळलं होतं. आत काय होतं माहीत आहे? लालभडक फोड. त्यावर त्याने चुना लावला, राख फासली आणि वर नखाने खरवडलं. ओठ वांग्याएवढा झाला होता.

नातू पाळण्यात टाकला. कारभाऱ्याने उपरणं बाजूला केलं आणि पापा घ्यायला खाली वाकला.

"थांबा!" हौसाबाईने घुगऱ्यांचा डाव घेऊन मध्ये उडी मारली. "लेकराला तोंड लावाल तर बघा!"

"तू मला अडवतेस? माझ्या घरात?"

"अडवते! तुमचं आमचं आठ दिवसांत निभतं, तान्ह्या लेकराच्या जिवावर बेतू शकतं. विचारा वैद्यबुवांना."

बारशाला आलेल्या वैद्याने मान डोलावली. "खरं बोलते ती. खपली पडून ओठ साफ होईपर्यंत लेकराचा पापा नाही. फोडाला हात लागला की हात धुवायचा, तो हात डोळ्याला न्यायचा नाही. पंचा वेगळा, भांडं वेगळं. नखं लावायची नाहीत, चुना तर मुळीच नाही. आणि एकदा लागलं की हे अंगात दडून बसतं. ताप आला, ऊन लागलं की पुन्हा डोकं काढतं."

सगळं घर कारभाऱ्याच्या ओठाकडे बघत होतं. हौसाबाईने शांतपणे विचारलं, "काय हो कारभारी, नैवेद्य कधी उष्टा केलात?"

"देवीशपथ नाही! अगं, हा नुसता फोड आहे!"

"मी वेगळं काय म्हणत होते?"

मग सून फिसकन हसली, आणि पाठोपाठ सगळं बारसं हसलं. पंचांना हसताही येईना, ओठ ताणला की दुखायचं.

कारभाऱ्याने हात धुतले, नातवाच्या तळव्यांना बोटं लावली आणि तसाच, त्याच ओठाने, देवळात जाऊन चारचौघांत बोलला, "हौसाबाईंनी काही केलं नव्हतं. चूक माझी." शब्द नीट फुटत नव्हते, म्हणून गावाने त्याला ते तीनदा म्हणायला लावलं.

पुढल्या वर्षी हौसाबाई चुलीपुढे बसली आणि काडी ओढण्याआधी म्हणाली, "पंच कुठे आहेत? आधी ओठ दाखवा सगळ्यांनी!"

तात्पर्य काय, तर दुखणं आलेल्या माणसाला औषध विचारावं, गुन्हा विचारू नये; आणि विचारायचाच असेल, तर आधी आरशात आपला ओठ बघून यावा.