कोहूची हाक

फार फार पूर्वी, दक्षिणेच्या समुद्रात एक आटपाट बेट होतं. त्याच्यावर एक लांबलचक पांढरा ढग पसरलेला असे. ढगाखाली डोंगर, डोंगराखाली दरी आणि दरीत माओरी लोकांचं एक गाव.

गावाच्या मधोमध मोठं अंगण होतं. त्याला ते लोक मराए म्हणत. अंगणाच्या टोकाला कोरीव लाकडाचं एक घर उभं होतं. ते नुसतं घर नव्हतं बरं का, तो गावाचा मूळपुरुष होता. घराचं आढं म्हणजे त्याचा कणा, वासे म्हणजे बरगड्या, आणि छपराच्या पुढच्या दोन उतरत्या फळ्या म्हणजे त्यानं पसरलेले हात. सकाळच्या धुक्यात पाहावं, तर ते घर श्वास घेतंय असं वाटायचं. कोणी सांगावं, घेतही असेल.

अशा अंगणात पाहुण्यांनी थेट घुसायचं नसतं. पाहुणा राव असो की रंक, त्यानं वेशीपाशी थांबायचं. मग गावातली एक बाई पुढे येऊन लांब सुरात हाक घालते, "हाएरे माई!" म्हणजे, या, इकडे या. त्या हाकेत ती पाहुण्यांच्या डोंगराचं नाव घेते, नदीचं नाव घेते. मग गेलेल्या माणसांनाही हाक घालते. कारण त्या लोकांच्या मते कुणी कधी एकटं येतच नाही. त्याची गेलेली माणसं त्याच्या मागून चालत येतात. पाहुण्यांमधली एक बाई हाकेला हाकेनं उत्तर देते. दोन्ही हाका दोरीच्या पदरांसारख्या एकमेकींत वळल्या जातात, आणि तीच दोरी धरून पाहुणे आत येतात.

गावात ही हाक घालायचा मान कोहूचा होता. कोहू म्हणजे धुकं. त्याआधी तो मान तिच्या आईचा होता. पण हिवाळा सुरू झाला आणि आई तापानं गेली. आईला निरोप द्यायच्या दिवशी कोहूनं हाक घालायला तोंड उघडलं, आणि पहिल्याच सुराला तिचा आवाज फुटला. सगळ्या गावासमोर फुटला. उरलेली हाक दुसऱ्याच कुणीतरी पुरी केली.

त्या दिवशी कोहूनं मनाशी खूणगाठ बांधली, की पुन्हा म्हणून आपला आवाज फुटू द्यायचा नाही. ती ओढ्याकाठी बसून आवाज घोटवू लागली. आणि हाकेतला गेलेल्यांचा भाग तिनं हळूच गाळून टाकला. तिथे आलं की आई आठवायची आणि घशात आवंढा यायचा. तो भाग गेला, तशी तिची हाक मधासारखी गोड झाली. हिवाळ्यात दरीतल्या दरीत जे कोणी आले, ते ओळखीचेच. त्यांनी वाहवा केली आणि आत आले.

गावातली सगळ्यात म्हातारी बाई मात्र खूश नव्हती. "पोरी, तुझी हाक गोड आहे गं," ती म्हणाली, "पण अर्धीच आहे."

"लोकांना तर आवडते, आजी."

"लोकांचं काय घेऊन बसलीस? हाक घालायची ती बोलवायला. वाहवा मिळवायला नव्हे."

कोहूनं या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

त्याच हिवाळ्यात पावसानं असं झोडपलं, की जमिनीतल्या कोठारांत पाणी शिरलं. तिथे कुमाराचं, म्हणजे रताळ्यांचं, बियाणं ठेवलेलं होतं. ते सगळं कुजलं. हिरव्या पाठीची कोकिळा ओरडू लागली, की त्या बेटावर लावणीचे दिवस येतात. कोकिळा ओरडू लागली आणि गावाच्या काळजात धस्स झालं. दरीत कुणाकडेच बियाणं उरलं नव्हतं. लावणी चुकली, तर पुढचा हिवाळा उपाशी पोटी काढायचा, आणि त्यातून म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं काही वाचायची नाहीत.

शेवटी डोंगरापलीकडे निरोप गेला. ते कोहूच्या आईचं माहेर. बर्फ वितळून खिंड मोकळी झाली होती. निरोपाला उत्तर आलं, "येतो."

ते आले तेव्हा दरीभर धुकं होतं. वेशीपाशी माणसं उभी राहिलेली दिसली, पण किती, ते कळेना. कधी मूठभर वाटत, कधी त्यांच्यामागे आणखी कुणी कुणी उभं असल्यासारखं वाटे. पाठीवर टोपल्या होत्या. आणि पुढच्या बायांच्या डोक्यावर हिरव्या पानांच्या माळा होत्या.

त्या लोकांत हिरव्या पानांची माळ ही दुःखाची खूण. ती घालून येणारी बाई रडायला आलेली असते. कोहूला माळा दिसल्या. तिनं नजर वळवली.

आणि तिनं हाक घातली. अशी हाक तिनं आजवर घातली नव्हती. पलीकडच्या डोंगराचं नाव घेतलं, त्याच्या पांढऱ्या माथ्याचं कौतुक केलं. नदीचं नाव घेतलं, तिच्या नितळ पाण्याचं कौतुक केलं. आवाज धुक्यावरून पक्ष्यासारखा तरंगत गेला आणि विरला.

उत्तर आलं नाही.

कोहूनं पुन्हा हाक घातली, आधीपेक्षाही गोड. पाहुण्यांमधली सगळ्यात पुढची बाई ओठ उघडायची आणि मिटायची. कुणाचं पाऊल उचललं नाही, कुणाची टोपली खाली उतरली नाही. गावाचा मुखिया घामाघूम झाला. मग ती पुढची बाई हळूहळू वळली आणि आली त्या वाटेकडे बघू लागली.

म्हातारीनं कोहूचा दंड धरला. "अगं, ती तुझी मावशी आहे. तुझी आई गेली तेव्हा खिंड बर्फानं बंद होती, येता आलं नाही त्यांना. बियाण्याचं नंतर, त्या आधी रडायला आल्यात. तुझ्या आईला वेशीबाहेर ठेवून त्या आत कशा येतील?"

"मी तिचं नाव घेतलं, तर माझा आवाज फुटेल, आजी."

"मग फुटू दे की! आम्ही काय इथे गाणं ऐकायला बसलोय?"

कोहूनं घराकडे पाहिलं. ते हात पसरून उभंच होतं. तिला आई आठवली, तिचे भिजलेले केस आठवले, तिच्या अंगाचा धुराचा वास आठवला. हिवाळाभर अडवून धरलेलं सगळं घशाशी आलं. तिनं डोळे मिटले आणि आईला हाक घातली. "हाएरे माई," तू पण ये, इकडे ये.

आवाज मधोमध फुटला. पुढे फक्त हुंदका आला.

आणि जिथे कोहूचा आवाज तुटला, नेमका तिथूनच वेशीपाशी दुसरा आवाज उठला. मावशीनं हाक उचलली होती. तो आवाज ऐकून कोहूनं चटकन डोळे उघडले, कारण तो हुबेहूब आईचा होता. माय मरो पण मावशी उरो, असं आपल्याकडे म्हणतात ना, तसंच झालं. एक रडत होती, दुसरी रडतच उत्तर देत होती, आणि धुक्यातून पावलं पुढे येत होती. पाहुण्यांच्या मागे, अंगावरचं वस्त्र छातीशी धरून, आईच्याच चालीनं कुणीतरी आलं असं कोहूला वाटलं. तिनं नीट पाहायला डोळे पुसले, तर तिथे नुसतं धुकं होतं.

सगळे अंगणात उभे राहून पोटभर रडले. मग मावशी पुढे आली. त्या लोकांच्या रीतीप्रमाणे तिनं आपलं कपाळ कोहूच्या कपाळाला आणि नाक नाकाला टेकवलं. दोघींचा श्वास एक झाला.

"फार वेळ उभं केलंस गं आम्हाला," मावशी म्हणाली. "तुझी आई थकली असती उभी राहून."

रडता रडता कोहूला हसू आलं. मग टोपल्या उतरल्या. लावणी वेळेवर झाली, कोठारं भरली, आणि पुढच्या हिवाळ्यात त्या गावात भुकेनं कुणीही गेलं नाही.

कोहूचा आवाज मात्र पुन्हा पहिल्यासारखा गुळगुळीत झाला नाही. गेलेल्यांना हाक घालायची वेळ आली, की तो तिथेच चिरकायचा. आणि नेमक्या त्याच जागी, वेशीवरचे पाहुणे पहिलं पाऊल उचलायचे.

तात्पर्य: ज्या दारात गेलेल्यांसाठी आसवं नाहीत, त्या दारात येणाऱ्यांचं पाऊल पडत नाही.