निळ्या हरणांचा डाव

एका राज्यात, जिथे डोंगरांना वाचा होती आणि पाखरांना माणसांची भाषा येई, भद्रसेन नावाचा राजा राज्य करी. शिकारीत त्याच्या बाणाने मायाधर मांत्रिकाचं निळं हरीण पडलं. मांत्रिक म्हणाला, "या कुरणातलं शेवटचं निळं हरीण मरेल, त्या दिवशी तुझी लेक कायमची दगड होईल." एवढं बोलून तो धूर होऊन गेला.

मग राजाने काय केलं? कुरणाभोवती भिंत घातली आणि आतला लांडगा न् लांडगा मारवला. राजकन्या पुष्करेच्या दर वाढदिवशी हरणांची मोजदाद करायची आणि गावोगाव साखर वाटायची, अशी रीतच पडली. हरणं दुपटीने वाढत होती. प्रजा खूश, राजा त्याहून खूश.

अशाच एका वाढदिवशी, साखर वाटली जात असताना, पुष्करेची पावलं दगड झाली.

राणी कुमुद्वतीच्या हातचं ताट खाली पडलं. हरणं तर कधी नव्हती इतकी होती, मग हे कसं? राणी तशीच उठून कुरणाकडे गेली. भिंतीवर एक भारद्वाज पक्षी बसला होता.

"राणी, तीन कामं करशील?" त्याने विचारलं.

"करीन."

"आधी हरणं नीट बघ. मग त्यांचा डाव मांड. मग डाव सांगेल ते कर, मन काही का सांगेना."

राणी कुरणात राहिली. एक हरीण किती चरतं, किती पाडसं देतं, मुळापर्यंत खाल्लेलं गवत पुन्हा फुटतं की नाही, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. महालात येऊन तिने सारीपाट पसरला. ज्वारीचे दाणे म्हणजे गवत, लाल गुंजा म्हणजे हरणं, आणि एकेक खेप म्हणजे एकेक ऋतू. पाहिलं होतं त्याच हिशेबाने ती दाणे उचली आणि गुंजा मांडी. बघता बघता पट लालेलाल झाला.

"किती ही भरभराट," राजा हसून म्हणाला.

पुढच्या खेपेला दाणे संपले. त्याच्या पुढच्या खेपेला पटावर एकही गुंज उरली नाही.

राजाचं हसू तोंडातल्या तोंडात राहिलं. राणीने डाव पुन्हा मांडला, पुन्हा तेच. तेव्हा तिला कळलं, शाप हरणांची संख्या बघत नव्हता, त्यांचा शेवट किती जवळ आला ते बघत होता. तिने पटावर चार चिंचोके ठेवले. ते लांडगे. गुंजा भराभर कमी झाल्या, अगदी मूठभर उरल्या. पण रिकाम्या घरांत दाणे परतले, मग गुंजा वाढल्या, मग चिंचोके वाढले, पुन्हा दोन्ही घटले. संपलं मात्र कोणीच नाही.

"महाराज, भिंत पाडा," राणी म्हणाली.

"वेड लागलं का तुला? लेक आहे आपली."

"म्हणूनच म्हणते."

भिंत पडली आणि लांडगे आले. हरणं पडू लागली, तसा दगड पुष्करेच्या गुडघ्यांवर, कमरेवर, गळ्यापर्यंत चढला. राजाने तिरंदाज बोलावले. राणी त्यांच्या आडवी आली. "हे डावात आलं होतं. कोणी बाण लावायचा नाही." स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. तिच्या डोळ्यांदेखत लेकीचे ओठ मिटले, डोळे मिटले, दगड झाले. राणीला रडूसुद्धा येईना.

मूठभर हरणं मात्र अजून जिवंत होती. पुढे ओसाड कुरणात गवत फुटलं. गवतात पाडसं दिसली. माणसाच्या राखणीवाचून कळप जगला, त्याचा शेवट दूर गेला आणि मायाधराचा शाप धुळीसारखा झडून गेला.

पुष्करेने डोळे उघडले.

"दगडाला ऐकू येतं, आई," ती म्हणाली. "बाण लावू नका म्हणालीस, ते मी ऐकलं."

"हो. म्हणाले मी."

"मला वाटलं, तुला मी नकोशी झाले."

डावात तिने गवत धरलं होतं, हरणं धरली होती, लांडगे धरले होते. हे धरलं नव्हतं. लेकीची ऊन पावलं मांडीवर घेऊन ती पोटभर रडली.

राज्य सुखाने नांदलं, कुरण हिरवं राहिलं. ऐकणाऱ्यांचंही तसंच राहो.