आवडीची उलटी मोगरी

ऐका. ही गोष्ट कधीची, ते शेवरेबंदरात कुणालाही विचारा, सगळे एकच उत्तर देतील: फार वर्षांपूर्वीची. तेव्हा खाडीत वाफेची बोट शिरली नव्हती. माल जायचा तो शिडाच्या गलबतांतून, आणि गलबत चालायचं ते दोरांवर. दोर काथ्याचे असत. डोलकाठीला घासून, कप्पीत रगडून ते झिजत. म्हणून जिथे जिथे घर्षण, तिथे तिथे दोराला बारीक सुंभाचं घट्ट वेष्टण द्यायचे. त्याला म्हणायचे दोर मढवणं.

हे काम शेवरेबंदरात एकच बाई करायची. तिचं नाव आवडी.

तिच्या हातात एक लाकडी मोगरी असे. वीतभर डोकं, हातभर दांडा. डोक्याला खालून अर्धगोल खाच होती. दोर ताणून दोन खुंट्यांना बांधला, की ती खाच दोरावर घोड्यावरच्या खोगिरासारखी बसे. मग सुंभाचे दोन वेढे दांड्याला द्यायचे आणि मोगरी दोराभोवती गरगर फिरवायची. प्रत्येक फेऱ्याला एक वेढा आधीच्या वेढ्याला चिकटून बसायचा, असा की दोन वेढ्यांत नखही शिरू नये. वरून राळ आणि माशाचं तेल चोपडलं की झालं. असं म्हणतात, आवडीनं मढवलेल्या दोरावर मुंगी चढली तर घसरून पडायची.

आवडी तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परत आली होती. आई आधीच गेली होती. मागे चार वर्षांचा भाऊ, लवू. त्याला तिनंच वाढवलं. लवू मोठा झाला, खलाशी झाला, आणि बहिणीची टिंगल करायला शिकला.

"बाय, तुझो दुसरो घोव म्हणजे ही मोगरी," तो म्हणायचा. घोव म्हणजे नवरा.

"बरो आसा," आवडी म्हणायची. "तुझ्यासारखो जेवणाक ओरडत नाय."

आता मढवण्याचा एक नियम होता, तो नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. दोर मढवला की आतलं काही दिसत नाही. चांगला दोर आणि कुजका दोर, वेष्टणाखाली दोन्ही सारखेच देखणे. म्हणून मढवण्याआधी दोराचे पेड उकलून आत बघायचं. आवडीकडे त्यासाठी म्हशीच्या शिंगाचा एक दाभण होता. तो पेडांत खुपसायचा, दोर पिळायचा, आत बघायचं आणि हुंगायचं. आतून समुद्राचा वास आला तर दोर जिवंत. ओल्या मातीचा वास आला तर मेला. काथ्याला खारं पाणी मानवतं. पावसाचं गोडं पाणी त्याला सोसत नाही, आतून कुजवतं. म्हणूनच पावसाळ्याचे चार महिने दोर मांगरात, म्हणजे छपराच्या कोठारात, टांगून ठेवायचे, ही बंदराची रीत.

त्या वर्षी रावजी नाखव्यानं आपल्या मांगरात मिठाच्या गोण्या भरल्या. रावजी नाखवा म्हणजे बंदराचा मोठा मालक. 'मोरणी' आणि 'जयवंती' ही दोन गलबतं त्याची. गोण्यांनी मांगर भरला आणि दोर बाहेर आले. ज्येष्ठ, आषाढ, दोन्ही महिने ते झावळ्यांखाली पडून होते. येता-जाता सगळं गाव ते बघत होतं. सगळं गाव. कुणी काही बोललं नाही, कारण अर्धं गाव नाखव्याच्या गलबतांवर होतं आणि उरलेलं अर्धं त्यांच्या घरात.

नारळी पौर्णिमेला आठ दिवस राहिले तेव्हा नाखव्यानं दोर आवडीच्या अंगणात आणून टाकले. आवडीनं दाभण उचलला.

"ता ठेव," नाखवा म्हणाला. "पेड मी स्वतः उकलून बघितलंय. देवीच्या दिव्यावर हात ठेवन सांगतंय. तू आता नुसता मढव."

इथे आवडी चुकली. बंदराची आणखी एक रीत होती: मालकानं दिव्याची शपथ घेतल्यावर दोर पुन्हा उकलून बघायचा म्हणजे त्याला तोंडावर खोटारडा म्हणायचं. तिनं दाभण कमरेला खोवला. आठ दिवसांत तिनं दोन्ही गलबतांचे दोर मढवले. असं म्हणतात, इतकं सुंदर काम तिनंही कधी केलं नव्हतं.

पौर्णिमेला दोन्ही गलबतांची पूजा झाली, नारळ फुटले. मोरणी दुसऱ्याच दिवशी निघाली. तिच्यावर सात माणसं होती, त्यांत लवू.

पाचव्या दिवशी एक माणूस परत आला. गुणाजी नावाचा खलाशी, फळीला धरून वाहत आलेला. किनाऱ्यावर आल्यावर तो आधी घरी गेला नाही. आवडीच्या अंगणात आला आणि त्यानं तिच्यापुढे हातभर दोराचा तुकडा ठेवला.

"परबाण खाली इला," तो म्हणाला. परबाण म्हणजे शीड ज्याला बांधतात तो आडवा वासा. "परबाण उचलूचो दोर तुटलो. लवू खाली उभो होतो. मगे गलबत आडवा झाला." "तुझ्या मढवणीक काय झाला नाय, आवडे. आत दोरच नव्हतो."

आवडीनं तुकडा उचलला. वरचे वेढे जसेच्या तसे होते, एकही हलला नव्हता. तिनं एका टोकातून बोट आत घातलं. बोट आरपार गेलं. बाहेर काढलं तेव्हा त्याला काळा भुसा चिकटला होता. तिनं तो हुंगला.

ओल्या मातीचा वास.

ती रडली नाही असं म्हणतात. मला वाटतं रडली असेल, पण ते बघायला कुणी थांबलं नसेल. गाव तिला समजवायला आलं. एक म्हातारी म्हणाली, दर्यानं नेलं. एकजण म्हणाला, त्याचं तेवढंच होतं. नाखवाही आला. त्यानं डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, "दर्या देता, दर्याच घेता. माणसाच्या हातात काय आसा?" आणि बाहेर पडल्यावर, पण तिला ऐकू जाईल अशा बेतानं, बरोबरच्याला म्हणाला, "तरी मढवलेला कोणी? हिनाच ना?"

आवडी सगळ्यांचं ऐकत राहिली. सगळे दर्याचं नाव घेत होते. दोन महिने पावसात पडलेल्या दोराचं नाव एकानंही घेतलं नाही.

आणि जयवंती बंदरात उभी होती. तिचेही दोर त्याच झावळ्यांखालचे, आवडीनंच मढवलेले. उद्याच्या भरतीला ती सुटणार होती आणि तिच्यावर नऊ माणसं चढणार होती.

सकाळी ओहोटी होती. जयवंती चिखलाला टेकलेली, आणि सगळं गाव धक्क्यावर निरोपाला जमलेलं. आवडी मोगरी घेऊन आली. म्हणाली, "दोर उकला. आत बघा."

गावकार, म्हणजे गावाचा मानकरी, पुढे झाला. "पूजा झालेलो दोर उकलूचो नाय, आवडे. सात पिढ्यांची रीत आसा."

"उकलू नकात," आवडी म्हणाली. "नाखव्याक त्या दोराक बांधा आणि वर घ्या. नऊ जणांका जो दोर पेलतलो, तेका एकटो नाखवो जड होवचो नाय."

नाखवा हसला. "मी काय माकड आसंय, डोलकाठीर चढूक?"

चारजण हसले. तेवढ्यात जयवंतीवरच्या एका खलाशाची बायको, डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन उभी होती, ती म्हणाली, "मगे आमचे घोव काय माकडा आसत?"

हसणं थांबलं. पण कुणी पुढे झालं नाही. नाखवा तसाच उभा होता. त्यानं वर त्या दोराकडे बघितलं आणि एक पाऊल मागे घेतलं. ते पाऊल सगळ्यांनी बघितलं, आणि तरीही कुणी पुढे झालं नाही.

तेव्हा आवडीला जो राग आला तो सांगायला शब्द नाहीत, म्हणून लोक पुढचं सांगतात. असं म्हणतात, तिनं मोगरी उचलली आणि हवेतच फिरवली. जन्मभर उजवीकडे फिरवलेली मोगरी तिनं डावीकडे फिरवली. पहिल्या फेऱ्याला जयवंतीच्या दोराचा पहिला वेढा सुटला. दुसऱ्या फेऱ्याला दहा सुटले. मग मोगरी तिला फिरवावी लागेना, आपोआप गरगरू लागली, आणि बंदरातल्या प्रत्येक होडीचा, प्रत्येक गलबताचा, आवडीनं बावीस वर्षांत मढवलेला प्रत्येक दोर उकलू लागला. सुंभ पावसासारखं खाली पडू लागलं. दूर मुंबईच्या बंदरात उभ्या असलेल्या गलबतांवरूनही त्याच घटकेला वेढे गळून पडले, असं तिथून गलबतं घेऊन आलेल्या तांडेलांनी नंतर सांगितलं. गुरांची दावी उकलली, पाळण्यांच्या दोऱ्या उकलल्या. नाखव्याचं पागोटंही उकललं आणि खालचं टक्कल, जे त्याच्या बायकोशिवाय कुणी बघितलं नव्हतं, अख्ख्या गावाला दिसलं.

इतरांचे दोर उघडे पडले, पण होते पिवळेधमक. जयवंतीचा तेवढा काळा.

खाली पडलेलं सुंभ मग सापासारखं धक्क्यावर चढलं. त्यानं नाखव्याचे पाय धरले. वेढ्याला वेढा चिकटत गेला, नख शिरणार नाही असा, घोट्यापासून गळ्यापर्यंत. आवडीच्या हाताचंच काम ते. नाखवा मढवला गेला. आणि त्याच काळ्या दोरानं त्याला उचललं. पुरुषभर वर, दोन पुरुष वर, तीन पुरुष वर. तिथे दोर तुटला. आवाजसुद्धा झाला नाही, कुजलेल्याला आवाज नसतो.

नाखवा चिखलात पडला, मानेपर्यंत रुतला, पण जगला. लोक सांगतात, तोंडातला चिखल थुंकून तो पहिलं वाक्य बोलला ते हे:

"मी बघूक नाय."

बघितलंच नव्हतं. नऊ जणांनी ते ऐकलं. मेलेल्या सहा जणांच्या घरच्यांनी ऐकलं. ओहोटी संपून पाणी परत येऊ लागलं होतं. आवडीनं त्याला काढा म्हटलं नाही, राहू द्याही म्हटलं नाही. पाणी हनुवटीला लागलं तेव्हा त्या नऊ जणांनीच उतरून त्याला ओढून काढलं.

आवडी गावाकडे वळली.

"आणि तुमी?" ती म्हणाली. "दोन महिने दोर पावसात पडलेले. तुमका दिसूक नाय?"

एकजण वाकून खाली पडलेलं सुंभ गोळा करू लागला.

"माका दिसलेले," ती म्हणाली. "माका पण दिसलेले."

एवढं बोलून तिनं मोगरी खाडीत फेकली आणि घरी गेली.

पुढे काय, ते कुणी असं सांगतं, कुणी तसं. कुणी म्हणतं, ती त्याच रात्री लवूला शोधत वाळूच्या दांड्यावरून समुद्रात चालत गेली. मी ऐकलं ते वेगळं आहे. ती पुष्कळ वर्षं जगली. पुन्हा एकही दोर मढवला नाही, पण सुटणारं एकही गलबत तिनं बघितल्याशिवाय सुटलं नाही. बंदरातल्या बायकांना तिनं पेड उकलायला आणि हुंगायला शिकवलं. तिचा राग शांत झाला का, असं मुलं विचारतात. नाही झाला. व्हायचं काही कारण नव्हतं.

तिच्या अखेरच्या दिवसांत गावकार हात जोडून आला. म्हणाला, तुझं देऊळ बांधतो, धक्क्याच्या तोंडाशी. आवडी अंथरुणावरून म्हणाली, "माझी देवी करू नकात. देवीसमोर पण लोक खोटा बोलतत."

म्हणून शेवरेबंदरात आवडीचं देऊळ नाही, मूर्ती नाही, नवस नाही. तिथे एक रीत आहे. नारळी पौर्णिमेच्या सकाळी, नारळ फोडण्याच्या आधी, होडीवर जाणाऱ्या माणसांच्या बहिणी धक्क्यावर येतात. बहीण नसेल त्याची बायको येते, कुणीच नसेल तर शेजारीण. होडीच्या मालकाला त्याच्याच दोराला बांधतात आणि बायका तो दोर ओढून त्याला तीन पुरुष उंच वर घेतात. वरून तो ओरडून सांगतो, मी आत बघितलंय. बायका तेवढ्यावर सोडत नाहीत. त्या दोर हलवतात, आणि त्यांचं समाधान होईपर्यंत हलवत राहतात. मग त्याला खाली घेतात आणि समुद्र उघडतो.

आता शिडं गेली, काथ्या गेला, होड्यांना इंजिनं आली. मढवणं म्हणजे काय ते मुलांना सांगावं लागतं. दोन वर्षांपूर्वी एका मालकानं नवा नायलॉनचा दोर आणला आणि त्याबरोबर कंपनीचं शिक्का मारलेलं प्रमाणपत्र. किती टन वजन पेलेल, ते त्यात छापलेलं होतं. ते त्यानं धक्क्यावर बायकांपुढे धरलं. त्यांतल्या शिकलेल्या एकीनं ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. मग तिनं कागदाची घडी घालून मालकाच्या खिशात ठेवली.

"कागद बरो आसा," ती म्हणाली. "आता वर चल."