फोटोची जागा

जालन्यातल्या एका बियाण्यांच्या गोदामात पोत्यांचा रॅक कोसळला आणि त्याखाली सापडून आसाराम हमाल गेला. रिकामं घर खायला उठे, म्हणून त्याची बायको कौतिकबाई त्याच गोदामात बियाणं निवडायला जाऊ लागली.

पुढे मालक रंगनाथशेठ नवे रॅक निवडायला उभे राहिले. व्यापाऱ्याने जाड पत्र्याचा नमुना पुढे केला, तरी शेठनी जुन्यासारख्याच पातळ पत्र्यावर हात ठेवला. हमालांनी माना खाली घातल्या. मग शेठ मोठ्या दिलाने म्हणाले, "कौतिकबाई, आसाराम आमच्या घरचाच माणूस. त्याचा फोटो या भिंतीवर लावतोय, सुतारही बोलावलाय. जागा तूच दाखव."

कौतिकबाईने पदराने डोळे टिपले.

"कोपऱ्यात लावा, मालक. आन् सुतार आलाच हाय, तर शेजारी आणखी खिळे ठोकून घ्या. ह्ये रॅक आले म्हंजे बाकीच्यांचे फोटो लावाया जागा पाहिजे."

शेठनी पातळ पत्र्यावरचा हात मागे घेतला आणि ते तिच्याकडे न बघता व्यापाऱ्याला म्हणाले, "जाड पत्र्याचेच पाठवा."

हमालांचा जीव भांड्यात पडला. कौतिकबाई मात्र भिंतीला टेकवून ठेवलेल्या आसारामच्या फोटोपुढे जाऊन पुटपुटली, "तुमच्या वक्ताला कुणीच बोललं न्हाई वो."