पहाटेचं कुंकू आणि हळद

आकाश अजून कोवळं होतं, त्या काळी पहाट रंगवायचं काम झेलू नावाच्या शिंजीर पक्षिणीकडे होतं. एक वाटी कुंकवाला तीन वाट्या हळद, हे तिचं प्रमाण. एकदा तिला लालीचा मोह पडला. तिने कुंकू दुप्पट ओतलं, हळद मात्र तेवढीच ठेवली.

आकाश वणव्यासारखं पेटलं. घाबरलेले पक्षी घरट्यांतून निघेनात, पिल्लं भुकेने कळवळू लागली.

झेलू तळ्यातल्या म्हाताऱ्या कासवाकडे धावली. "आजोबा, ओतलेलं कुंकू कसं काढू हो?"

"काढू नकोस, बाळ. हळदही दुप्पट कर."

तिने आणखी तीन वाट्या हळद मिसळली. लाली हळूहळू निवळली आणि त्या दिवशी पहाट डोंगरापलीकडच्या काळोख्या रानातही पोचली.