मोडायचे राहिलेले तीन टन

"पाच टन माल तुमच्या शेडमध्ये आलाय, माई. मग पाच टनांच्या कागदावर सही करायला हरकत काय?"

श्रेणिक बिरनाळेनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

सगुणामाई एका जळक्या पंख्यातली तांब्याची तार सोडवत होती. तिनं मान वर केली नाही.

सांगलीबाहेर, औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला, पत्र्याची एक उघडी शेड होती. तिथं सहा बायका बसून मोडक्या वस्तू सुट्या करत. तांबं एकीकडं, लोखंड एकीकडं, प्लॅस्टिक एकीकडं. सगुणामाई त्यांच्यातली सर्वांत जुनी. उभी हयात तिनं पाठीवर पोतं घेऊन भंगार वेचलेलं, आता सत्तरी ओलांडलेली. गळ्यात माळ नाही, कपाळाला भस्म नाही. तरी अडलेली माणसं तिच्यासमोर येऊन बसत. शाळामास्तर येत, कारखानदारही येत. ती फार बोलत नसे, म्हणूनच येत असावीत. शेडमध्ये किती माल मोडला, त्या कागदावर सहीही तिचीच लागे.

श्रेणिकचा मिक्सर बनवायचा कारखाना होता. ज्यानं वस्तू बनवली, त्यानंच ती जुनी झाल्यावर तिची नीट विल्हेवाट लावायची, असा सरकारी नियम त्याला लागू होता. खोकी आणि प्लॅस्टिकच्या वेष्टनांचं त्यानं वेळेत उरकलं होतं. राहिले होते मिक्सर. या वर्षी पाच टन जुने मिक्सर मोडल्याचा दाखला द्यायचा होता. मुदतीला तेरा दिवस उरले होते. माल शेडमध्ये आला होता, पण त्यातला दोनच टन मोडून झाला होता.

"असा कागद दुसरीकडं दोन तासांत मिळतो, माई."

"मग हितं का आलास?"

श्रेणिकनं रुमालानं मान पुसली. "खोटं कुठं आहे त्यात? माल आलाय. फक्त मोडायचा राहिलाय एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

माईनं पंखा बाजूला ठेवला. मागं हात घालून एक जुना मिक्सर ओढला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. खाली श्रेणिकच्याच कारखान्याचं नाव होतं.

"मग मोड. चुलीवर चहा ठेवलाय. तो उकळायच्या आत उघडलास, तर सही करते."

श्रेणिक हसला. इंजिनिअर झाल्यावर पहिली पाच वर्षं त्यानं स्वतःच्या हातानं मोटारींना तार गुंडाळली होती. त्यानं बाह्या सारल्या आणि स्क्रू-ड्रायव्हर मागितला.

मग त्यानं मिक्सर उलटा केला.

बुडाचे स्क्रू तिकोनी डोक्याचे होते. बाजारातला कुठलाच पाना त्यांना बसत नव्हता. हे त्यानंच ठरवलं होतं. गल्लीतल्या मिस्त्र्यानं मिक्सर उघडू नये, गिऱ्हाईक आपल्याच सर्व्हिस सेंटरला यावं, म्हणून. त्या कल्पनेसाठी एका कार्यक्रमात त्याचा सत्कारही झाला होता.

त्यानं पक्कड लावून पाहिली. सुरीचं टोक घालून पाहिलं. स्क्रू हलला नाही. बोट मात्र कापलं.

चहा उकळला.

माईनं त्याच्या हातात कप दिला. तो चहा तसाच खाली ठेवून पुन्हा भिडला. अर्ध्या तासानं एक स्क्रू निघाला. उरलेले तीन निघाले, तेव्हा खालून डिंकानं चिकटवलेलं दुसरं झाकण लागलं. तेही त्यानंच ठरवलं होतं.

शेवटी त्यानं हातोडा घेतला. प्लॅस्टिकचे तुकडे उडाले, मोटार वाकली, तांब्याच्या तारेत प्लॅस्टिकचा चुरा अडकून बसला.

पलीकडून बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"रागावू नका, सायेब," जैबुन म्हणाली. ती माईच्या शेजारी बसून काम करायची. "तुमचा मिक्सर आला की आम्ही चिठ्ठ्या टाकतो. कुणाच्या वाट्याला येतोय ते बघायला."

"बाकीच्या कंपन्यांचा आला तरी?"

"न्हाई. फक्त तुमचा."

श्रेणिक ओशाळला. मग त्यालाही हसू फुटलं. बोट तोंडात धरून तो बराच वेळ हसत राहिला.

"माझाच मिक्सर," तो म्हणाला, "आणि मलाच उघडेना."

माई उठली. त्याला शेडच्या मागं घेऊन गेली. तिथं ताडपत्री होती. तिनं ती ओढून काढली. पांढरे, लाल, आकाशी… माणसाच्या डोक्यापर्यंत पोचणारा ढीग. सगळे त्याचेच.

तो बघत उभा राहिला. गेली अठरा वर्षं कारखान्यातून बाहेर पडणारा मिक्सर त्यानं रोज पाहिला होता. परत आलेला कधीच पाहिला नव्हता.

"हे तीन टन," माई म्हणाली. "एवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडायच्या आत श्रेणिक दारात हजर होता. सोबत कारखान्यातले चार फिटर आणि एक पिशवी. पिशवीत तिकोनी टोकाचे दहा पाने होते, आदल्या संध्याकाळी बसून त्यानं ते घडवून घेतले होते. डिंक सैल करायला गरम हवेचा पंपही आणला होता. बायकांच्या हातात त्यानं एकेक पाना दिला आणि स्वतः जैबुनच्या शेजारी मांडी घालून बसला.

पहिल्या दिवशी एक मिक्सर नुसता उघडायलाच वीस मिनिटं लागत होती. चौथ्या दिवशी आठ. पुढं पुढं जैबुन त्याच्याशी शर्यत लावू लागली आणि रोज जिंकू लागली.

"सायेब, तुमचा हात जड हाय."

"तू शिकव मग."

तिनं शिकवलं. झाकण ओढायचं नाही, फिरवायचं. तो तसं करू लागला. दुपारी भाकरी सगळ्यांची एकत्र सुटायची. घरून आणलेला डबा त्यानं एकदा उघडला नि बायकांनी तो त्याला परत मिळूच दिला नाही. श्रेणिकच्या पँटला गुडघ्यापाशी तेलाचे डाग पडले. फोनवर कुणी विचारलं की साहेब कुठं आहेत, तर तो सांगायचा, "कामावर."

ढीग कमरेएवढा झाला. मग गुडघ्याएवढा.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी वजनकाटा चार टन नऊशे साठ दाखवत होता. कोपऱ्यात दहा मिक्सर उरले होते. चाळीस किलो. चार वाजेपर्यंत सहज होणार होते. माईनं कागद काढून मांडीवर ठेवला होता. सही करायला ती तयार होती.

श्रेणिकनं दहातला पहिला उघडला. या वेळी घाई नव्हती, म्हणून त्यानं आत नीट पाहिलं.

मोटार कोरी करकरीत होती. तार न जळलेली. फक्त मोटारीला वीज पोचवणारे दोन कार्बन ब्रश झिजून गेले होते, करंगळीच्या नखाएवढे काळे तुकडे.

त्याचा हात आपोआप फिटरच्या पेटीकडं गेला. त्यानं दोन नवे ब्रश बसवले आणि वायर बोर्डात घातली.

मिक्सर फिरू लागला. अगदी नव्यासारखा.

सगळ्यांचे हात थांबले. श्रेणिकनं बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा फिरला. त्याच्या तोंडावर आनंद पसरला, आणि पाठोपाठ त्याचा चेहरा उतरला.

"जैबुन… असे आधी पण होते?"

"लई होते, सायेब. पण आम्हाला मोडायचं सांगितलं होतं."

त्यानं वायर बोर्डातून काढली.

पुढं काय झालं ते सांगून ठेवतो. उरलेल्या दहातले चार मिक्सर त्या दुपारी सुरू झाले. कारखान्याच्या अहवालात वजन सोळा किलो कमी लिहिलं गेलं, आणि का कमी, तेही. वजन कमी पडल्याची सरकारी नोटीस आली. श्रेणिकनं ती टेबलाच्या काचेखाली ठेवली. त्या वर्षापासून त्याच्या मिक्सरच्या बुडाला चार साधे स्क्रू असतात, गल्लीतला कुठलाही मिस्त्री ते उघडू शकतो. पण हे सगळं नंतरचं.

त्या क्षणी तो मिक्सर मांडीवर घेऊन बसला होता. समोर काटा होता. माईच्या मांडीवर कागद होता.

"माई," तो हळूच म्हणाला. "हाही मोडला तर पाच टन पुरे होतात."

"व्हय."

"नाही मोडला तर कमी पडतात."

"व्हय."

"कचरा म्हणून आला, आणि कचरा नाहीच… मग याला कागदावर कुठं लिहू?"

माईनं मिक्सर हातात घेतला. पदरानं त्याच्यावरची धूळ पुसली. वायर नीट गुंडाळली आणि तो परत त्याच्या मांडीवर ठेवला.

"लिहू नगंस," ती म्हणाली. "घरी ने. चटणी वाट."